एक हात अंतर

३ तारीख, सोमवार

नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि झकास गेला. म्हणून नवी वही काढली. रोज लिहीन, आणि जे मोजता येतं ते मोजून लिहीन. अंदाजपंचे मला चालत नाही.

प्रयोगशाळा शहराबाहेर, पांढऱ्या दुमजली इमारतीत आहे. इथे भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवतात. रोग्याच्या मांडीवरचा टपालाच्या तिकिटाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्या करायच्या आणि गुलाबी पाण्यात, बारीक जाळीवर वाढवायच्या. तीन आठवड्यांत तळहाताएवढे कितीतरी तुकडे तयार होतात. ते जिवंत ठेवून इस्पितळात पोचवणं हे माझं काम. अंतर चौऱ्याण्णव किलोमीटर. पेटीत तापमान सदतीस अंश; अर्धा अंश इकडे नाही, अर्धा तिकडे नाही. झाकण लागल्यापासून सहा तासांच्या आत माल हातात पडला पाहिजे. धक्का बसला तर पेटीवरचा पांढरा ठिपका लाल होतो, आणि एकदा लाल झाला की तो परत पांढरा होत नाही.

मुलाखतीत प्रयोगशाळेच्या बाईंनी शिक्षण विचारलं. सरळ सांगितलं, आठवीनंतर शाळेचं तोंड पाहिलं नाही. फ्रिज, मोटारी, पंप, सगळं बघून बघून शिकलो. आजवर कुणाला काही विचारायला गेलो नाही. बाईंच्या कपाळावर आठी पडली. मग मी म्हटलं, तुमच्या शीतखोलीच्या दाराचं रबर खालच्या डाव्या कोपऱ्यात हवा सोडतंय. त्या उठल्या, हात लावून पाहिला, परत येऊन बसल्या, आणि नोकरी माझी झाली.

ही, माझी बायको, त्याच इस्पितळात आहे. भाजलेल्यांचा वॉर्ड, खिडकीकडून तिसरी खाट. पाठ आणि दोन्ही खांदे. हिचा तुकडा आजच इथे आला. चोवीस तारखेला तिची कातडी तयार होईल. ती मी स्वतः नेणार, त्यासाठीच ही नोकरी धरली. दुसऱ्या कुणाच्या हातावर माझा विश्वास नाही. मेहुण्याला हे सांगितलं, तर म्हणाला, तुमच्या हातांनी तिला आधीच पुष्कळ दिलंय.

गिझरची झडप मी बुजवली होती कारण ती सारखी ठिबकायची. माझं काम पक्कं होतं. हिने नळ कसा सोडला ते मी पाहिलेलं नाही.

५ तारीख, बुधवार

दोन खेपा. दोन तास आठ मिनिटं आणि दोन तास अकरा. रस्त्यात एकतीस गतिरोधक आहेत, सगळे वहीत उतरवले. टायरची हवा चार पौंडांनी कमी केली. पाण्याने काठोकाठ भरलेला पेला समोर ठेवला. थेंब सांडला नाही.

पेटीत पेटी आहे. बाहेरची जाड, तिच्यात बॅटरीवर चालणारी गरम पट्टी. आतली पेटी वहीएवढी, चपटी, आणि तिच्या तळाला सुईच्या टोकाएवढी श्वासछिद्रं. जिवंत माल आहे, त्याला हवा लागते.

भिंतीवर नियमांचा कागद आहे. दहा नियम छापलेले, प्रत्येकापुढे कारण दिलेलं. अकरावा खाली हाताने लिहिलेला: आतली पेटी बाहेर काढू नये, अंगापासून एक हात अंतर ठेवावं. कारण नाही. बाईंना त्याबद्दल विचारलं नाही. ज्याचं कारण कुणी लिहू शकत नाही, तो नियम नसतो, ती भीती असते.

बाईंनी आज मला कातडी दाखवली. ओल्या सायीसारखी. म्हणाल्या, हिला ना डोकं ना डोळे, हिला एकच काम कळतं: उघडं दिसेल ते बंद करायचं. फार घरगुती वाटलं ते ऐकून.

मागच्या बाजूला एक उबदार खोली आहे. कुलूप असतं. दारावरचा काटा सदतीसवर, हलतच नाही. माझ्या आधीच्या ड्रायव्हरबद्दल पहारेकऱ्याने आपणहून सांगितलं: शेवटच्या आठवड्यात मफलर नाकापर्यंत ओढून यायचा, एक अक्षर बोलायचा नाही. काय ऐट, म्हणे.

७ तारीख, शुक्रवार

हिला भेटलो. पालथी झोपवलेली असते, त्यामुळे चेहरा पलीकडे. मी अर्धा तास बसलो, रस्त्याचं, पेटीचं, सगळं सांगितलं. बोलली नाही. सिस्टर म्हणाल्या, इतरांशी बोलते हो ती. वर असंही म्हणाल्या की भेटायच्या वेळेत खाटेचे स्क्रू घट्ट करत बसायची गरज नाही.

मेहुणा दारात उभा होता. बाजूला सरकला नाही. मी तिरका होऊन बाहेर आलो.

१२ तारीख, बुधवार

आज मी एक माणूस वाचवला, असं म्हणायला हरकत नाही.

साठाव्या किलोमीटरला गरम पट्टी थंड पडली. बॅटरी बसली होती. काटा छत्तीस पाच, छत्तीस दोन, पस्तीस नऊ. आत एका वेल्डरच्या तोंडावर बसवायची कातडी. डोकं शांत ठेवलं. सदतीस अंश सतत देणारं यंत्र जगात कुठलं? माझं पोट. बाहेरची पेटी उघडली, आतली चपटी पेटी काढली, शर्टाच्या आत पोटाला टेकवली, वरून पट्ट्याने आवळली. बारा मिनिटांत सदतीस. शेवटपर्यंत काटा हलला नाही.

डॉक्टरांनी तापमानाचा कागद पाहिला आणि म्हणाले, इतकी सरळ रेघ त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी कारण सांगितलं नाही. ते आठवीवाल्यांच्या शाळेतलं गुपित आहे.

१४ तारीख, शुक्रवार

दोन्ही खेपा पोटावर. रेघ पट्टीने ओढल्यासारखी. आता हीच पद्धत. गरम पट्टी रिकामीच बसलेली, म्हणून तिच्यातला तापमान राखणारा तुकडा काढून घरी आणला. खोलून पाहिला. साधाच आहे. तीन दिवसांत याहून बरा करीन.

बेंबीच्या वर पेटीच्या आकाराचा चौकोन उठलाय. लाल नाही, उलट गोरा, मऊ. लहानपणी तारेने कापल्याची खूण होती तिथे, ती गेली. पन्नाशीत कातडी सुधारणारा मी पहिलाच.

१७ तारीख, सोमवार

प्रयोगशाळेत आज बोलाचाली झाली. डॉक्टरांची तक्रार आली आहे. दहा बाय दहाचा तुकडा निघतो, पोचतो तेव्हा नऊ बाय नऊ भरतो. कडा कमी. बाईंनी सर्वांसमोर विचारलं, वाटेत पेटी उघडता का? मी म्हटलं, आतली पेटी मी उघडलेली नाही. हे शब्दशः खरं आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग पोटाकडे बघितलं. जाकीट घातलं होतं.

यांना माझी सरळ रेघ खुपते. शिकलेल्यांना असंच होतं.

आंघोळ करताना एक विचित्र गोष्ट पाहिली. चौकोनावर केस नाहीत. घाम नाही. गार पाण्याने हातांवर काटा आला, चौकोनावर आला नाही. आणि बेंबी उथळ झालीय. सुपारी मावेल एवढी होती. आता वाटाणाही राहणार नाही.

१९ तारीख, बुधवार

बेंबी नाही.

नीट लिहितो. जिथे होती तिथे बोट फिरवलं. सपाट. कपाळासारखं. चौकोन आता चौकोन नाही. वर छातीपर्यंत, खाली पट्ट्यापर्यंत. कडा पेन्सिलीने आखल्या होत्या. दुपारी पाहिलं तर रेघ आत बुडाली होती, कडा तिच्यापुढे दोन सेंटीमीटर.

आणि ती एकाच रंगाची नाही. एक पट्टा गोरा, एक सावळा, एक तांबूस. वेल्डर सावळा होता.

मी हात जवळ नेला की ती आक्रसते. स्पर्शाआधी. माझ्याच पोटावर, माझ्याच हाताला बिचकते.

कुणाला दाखवावं? बाईंना? म्हणजे मीच जाऊन सांगायचं की अकरावा नियम—

नाही. उद्यापासून बाहेरचीच पेटी. एक हात अंतर. प्रश्न मिटला.

२१ तारीख, शुक्रवार

दोन दिवस पेटी दूर. तरी वाढते. काखांपर्यंत आलीय, खाली पावलांपर्यंत. डाव्या पायाची शेवटची दोन बोटं— त्यांच्यामधली फट राहिली नाही. ब्लेडने उघडली. तासाभरात पुन्हा बंद, आणि पूर्वीपेक्षा जाड. उघडं दिसलं की तिला जखम वाटते.

घाम येणं थांबलं. ताप मोजला. सदतीस. उन्हात उभा राहून मोजला. सदतीस. गार फरशीवर झोपून. सदतीस.

इतकी चांगली पेटी मी कधी केली नाही.

हिला ताप आहे. डॉक्टर म्हणाले, उघड्या पाठीतून रोग आत शिरतोय; सोमवारी कातडी आलीच पाहिजे, आणखी तीन आठवडे तिच्याकडे नाहीत. मेहुणा म्हणाला, सोमवारी दुसरा माणूस पाठवा. मी म्हटलं, माझ्याशिवाय कुणी नेणार नाही. ही भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्या खांद्याची पट्टी हलली. माझा आवाज ऐकून. ती आक्रसली. अगदी तशीच.

२४ तारीख, सोमवार

सकाळी दहा. झाकण लागलं. अठरा तुकडे, एकावर एक, मधे जाळ्या. हिचं नाव पेटीवर. बाहेरच्या पेटीत ठेवली. हात पुसले. निघालो.

नंतर लिहितोय. अक्षर माफ.

चाळिसाव्या किलोमीटरला काटा खाली. पट्टी गार. बॅटरी भरलेली होती, मीच भरली होती. पट्टी का गार? मग आठवलं. तो तुकडा. तापमान राखणारा. मी केलेला बसवला होता, नवा, याहून बरा. तो जळून काळा झालेला.

छत्तीस. पस्तीस चार.

फोन समोर होता. बाईंना विचारता आलं असतं. पहिलीच गोष्ट त्यांनी विचारली असती, पट्टीला हात कुणी लावला. फोन हातात घेतला. खाली ठेवला.

चौतीस आठ.

मरू देऊ का तिची कातडी? काय करणार होतो मी? काय—

शर्ट काढला. पेटी पोटाला लावली. चार मिनिटांत सदतीस. आणि मग जाणवलं. छिद्रांतून. खूप बारीक, पावसाचे थेंब अंगावर उतरावेत तसं. ओढून काढायला गेलो. निघेना. गाडी चालवत राहिलो, एक हात चाकावर, एक पेटीवर, तिला ओरडत राहिलो, तिथेच थांब, तिथेच थांब.

इस्पितळाच्या दारात पेटी आपोआप सुटली. दोन तास चौदा मिनिटं. ठिपका पांढरा. रेघ सरळ.

डॉक्टरांनी माझ्यासमोर झाकण उघडलं. अठरा जाळ्या. धुतल्यासारख्या स्वच्छ.

२५ तारीख, मंगळवार

छाती, गळा, पाठ. सगळं एका रंगाचं झालं. तो रंग मी तेवीस वर्षं पाहिलाय. बाकीच्यांना हिने झाकून टाकलं.

आंघोळीला गेलो. गिझरचं बटण दाबलं. नुसता आवाज आला, पाणी अजून आलं नव्हतं— सबंध पाठ हाडांना घट्ट चिकटली, श्वास अडकला, मी भिंतीला जाऊन आदळलो. तिला माहीत आहे तो आवाज.

ती झडप ठिबकत होती कारण ते तिचं काम होतं. वाफ साचली की ठिबकायचं. मी बंद केली. हिने दोनदा म्हटलं होतं, कुणाला तरी विचारा.

लिहून ठेवलं. आता खोडणार नाही.

डावा कान बंद.

२६ तारीख, बुधवार

मफलर लावून प्रयोगशाळेत. बाईंनी पाहिलं आणि एक हात मागे सरकल्या. मोजून.

ओरडल्या नाहीत. थंडपणे बोलल्या. अकराव्या नियमाचं कारण लिहिलं नव्हतं, कारण ते लिहिलं असतं तर या कामाला कोण आलं असतं? वेळेत सांगितलं असतंत तर पहिला चौकोन कापता आला असता, म्हणाल्या. बेंबी होती तोवर.

मग उबदार खोलीची किल्ली काढली. आत जागा आहे म्हणाल्या. आधीच्याला तिथे त्रास नाही. त्याच्याकडून वर्षाला पुष्कळ तुकडे मिळतात.

दार किलकिलं झालं. आत गुळगुळीत काहीतरी उभं. उंची माझ्याएवढी. समोर कुठली बाजू ते कळेना.

पळालो.

तोंडाचे कोपरे शिवल्यासारखे. चमचा जात नाही. नळीने पाणी.

२७ तारीख, गुरुवार

ही वही मेहुण्यापुढे ठेवली. उभ्याउभ्या वाचली. पानं उलटताना बोटाला थुंकी लावत होता. शेवटी मफलर खाली ओढला. तोंड नव्हतं. तिथे हिचा गाल होता.

मी लिहिलं: ही तिचीच आहे. जिवंत आहे. पोचव.

म्हणाला, तुम्हाला मारायला मला आवडलं असतं, पण आता हात कुठे लावू? बहिणीला लागायचं.

गाडीत मागे बसवलं. पट्ट्यांनी बांधलं. एकतीस गतिरोधकांचा कागद मी त्याला दिला. या माणसाने मला दाराशी कधी वाट दिली नाही. आज प्रत्येक गतिरोधकावर गाडी बाळाच्या पाळण्यासारखी उतरवली.

१०.१५ — ३७
१०.३० — ३७
१०.४५ — ३७. उजवा कानही. आवाज आता आतून येतात
११.०० — ३७
११.१५ — ३७. एक नाकपुडी

पोच-पावती स्वतः भरली. माल: एक. स्थिती: जिवंत. ठिपका: पांढरा.

२८ तारीख, शुक्रवार

डॉक्टरांनी फितीने मोजलं. अठरा तुकडे हवेत. माझ्यावर आहे ती पुरून उरेल. तिला लावली तर ती जगेल. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. पेटीशी कोण बोलतं.

ऐकू येत नाही. सिस्टर पाटीवर लिहून दाखवतात. भल्या आहेत.

हिला चाकाच्या खुर्चीतून आणलं. पंचवीस दिवसांनी चेहरा पाहिला. बारीक झालीय. हात पुढे केला, माझ्या छातीवर ठेवला.

कातडी आक्रसली नाही. तिच्या तळहाताकडे उचलली गेली. मांजर कसं—

तिने डॉक्टरांना काहीतरी विचारलं. सिस्टरनी लिहिलं: याला भूल देणार ना?

डॉक्टरांनी नाही म्हणून मान हलवली. नळी घालायला तोंड नाही. सुई टोचली की जागा बंद होते, सुई आत राहते. औषध जात नाही. आणि थांबता येणार नाही, तिचा ताप—

सिस्टरनी पाटी पुसली. पुन्हा लिहिलं: संमती कुणाची घ्यायची, असं डॉक्टर विचारतायत.

ही माझ्याकडे बघत होती. ओठ हलले. सहा-सात शब्द. सिस्टर लिहीनात. मी पाटीवर बोट आपटलं. शेवटी लिहिलं.

म्हणाली, मला तरी कुठे कुणी विचारलं होतं.

गेली. मेहुण्याने खुर्ची ढकलली. मागे पाहिलं नाही.

ट्रॉली आली. गार असेल. कळत नाही. ३७

डावा डोळा— पापण्या एक झाल्या. उजेड गुलाबी दिसतो, त्या पाण्यासारखा

दोन बोटं जुळली. पेन मधे अडकलंय, त्यामुळे लिहिता येतं. घाई करतात. सिस्टर, वही ओढू नका, एक मिनिट. मी जन्मात कुणाला काही— आज एकच, डॉक्टरांना, हिला, कुणालाही, मला फक्त विचारायचंय की